खाऱ्या वाऱ्यातली जुनी स्पोर्ट्स कार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत जुन्या, चपळ पेट्रोल गाड्या हौसेने सांभाळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिलेत. उत्तरांत मतं आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

१. माझी गाडी ‘स्पोर्ट्स कार’ म्हणावी अशी आहे का?

दोन दारं आणि उघडं छत असलेली गाडी भारतात फारशी विकलीच गेली नाही. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म हा आपल्या शेजारचाच अपवाद: रेनोचं छोटं इंजिन, फायबरची बॉडी. बाकी फियाट पालिओ १.६, जुनी होंडा सिटी व्हीटेक, पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस अशा गाड्या आपल्याकडे स्पोर्टी म्हणून जपल्या जातात. कागदोपत्री त्या हॅचबॅक आणि सेडान असतील, पण वळणाच्या रस्त्यावर त्या कशासाठी घेतल्या होत्या ते आठवतं, तेवढं पुरे.

स्टॉर्मवाल्यांना एक सांगणं. फायबर गंजत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. खालचा सांगाडा लोखंडीच आहे, आणि वरून गाडी चकचकीत दिसत असल्यामुळे त्याचा गंज उशिरा लक्षात येतो.

२. गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच फिरते. सर्व्हिसिंग किती किलोमीटरला करायचं?

किलोमीटर विसरा, पंचांग बघा. कोकणात जुनी गाडी पळून झिजत नाही, उभी राहून सडते. मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पाणी निचऱ्याची सगळी भोकं मोकळी करणं, तळाला मेण मारणं, वायपर, टायर आणि ब्रेक ऑईल बघणं. नवरात्राच्या सुमारास पाऊस ओसरला की तळ गोड्या पाण्याने धुणं, चारही चाकांचे ब्रेक उघडून साफ करणं, कार्पेट उचलून वाळवणं, इंजिन ऑईल बदलणं. शिमग्याच्या आधी रेडिएटर, होज पाइप, बेल्ट आणि एसी.

इंजिन ऑईल वर्षातून एकदा, गाडी कितीही कमी चालो. ब्रेक ऑईल आणि कूलंट दर दोन वर्षांनी.

३. घरी काम करायला कमीत कमी कोणती हत्यारं लागतात?

चांगला गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने, टॉर्क पाना, मल्टिमीटर, ट्रॉली जॅक आणि जॅक स्टँडची जोडी. ब्रेकच्या नळ्यांच्या नटांसाठी वेगळा फ्लेअर नट पाना घ्या. खाऱ्या हवेत हे नट असे धरतात की साध्या पान्याने त्यांचे कोपरेच गोल होतात. गंजसैल करणारा स्प्रे आदल्या रात्री मारून ठेवायचा, सकाळी पुन्हा मारायचा, मग पाना लावायचा.

टॉर्क पान्याला लोक फालतू खर्च समजतात. तो फालतू नाही. ॲल्युमिनिअमच्या हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) स्पार्क प्लग ‘हाताच्या अंदाजाने’ आवळला की आटे जातात, आणि तुमच्या गाडीचं हेड बाजारात सहज मिळत नाही.

४. जॅक स्टँडऐवजी जांभ्याचे दोन चिरे लावले तर चालेल ना? घर त्यावरच उभं आहे.

नाही. घराचं वजन भिंतीच्या सगळ्या चिऱ्यांवर सपाट पसरतं. गाडीचं वजन जॅकिंग पॉइंटच्या दोन बोटं रुंद कडेवर येतं. जांभा मऊ, भोकाभोकांचा दगड. पावसात भिजलेला असेल तर आणखी कमजोर. आधी कडेची लाल भुकटी गळते, चिरा उभा तडकतो, आणि हे व्हायला काही सेकंद लागतात. कोबा केलेलं खळं, म्हणजे अंगण, असेल तर स्टँड थेट ठेवा. मातीचं अंगण असेल तर स्टँडखाली जाड फळी किंवा प्लायवूड हवंच, नाहीतर पाय मातीत रुततात. निव्वळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

५. गंज आधी कुठे शोधायचा?

रंगाला फुगवटा येतो तिथे तो शेवटी पोचतो. सुरुवात आतून होते. वायपरखालच्या जाळीत आंब्याफणसाची पानं कुजून तिथलं निचऱ्याचं भोक बुजतं, पाणी पुढच्या सीटच्या पायाशी उतरतं आणि कार्पेटखालचा फेस महिनोन्‌महिने ओला राहतो. म्हणून पहिली तपासणी नाकाने करा: काचा बंद असलेल्या गाडीत शिरताच कुबट वास आला तर कार्पेट उचला.

त्यानंतर दाराखालचे सिल, दारांच्या खालच्या कडेची भोकं, डिकीत स्टेपनीचा खड्डा, मागच्या सस्पेन्शनच्या बैठका. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या लोखंडी नळ्या क्लिपमध्ये बसतात तिथे मीठ आणि लाल माती अडकते. क्लिप काढून बघा, वरवर बोट फिरवून कळत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत चला. घट्ट आवाज ठीक. बद्द आवाज आला तर टोकाने टोचा, आणि टोक आत गेलं तर तो डेंटर-पेंटरचा नाही, पत्रा कापून वेल्डिंग करणाऱ्याचा विषय झाला. पुट्टी भरून देणाऱ्याला हात लावू देऊ नका.

६. तळाला काय लावावं? जळकं ऑईल, डांबर की काजूच्या टरफलाचं तेल?

तिन्ही नको.

जळक्या ऑईलने रबरी बुश फुगतात आणि पहिल्याच पावसात ते अंगणात, तिथून विहिरीत जातं. डांबरी अंडरकोटिंग नव्या पत्र्यावर ठीक. जुन्या गाडीवर आधीच असलेला गंज त्याखाली बंद होतो, डांबर कडेने सुटतं आणि त्या फटीत खारं पाणी बसतं. वरून काळंभोर, आतून चाळण.

काजूचं तेल होडीच्या लाकडाला शोभतं, कारण लाकूड ते पितं. लोखंड पीत नाही. शिवाय कच्चं तेल कातडीला भाजतं, आणि गाडीखाली पाठीवर झोपून ते लावणार म्हणजे थेंब तोंडावरच. गंमत अशी की हेच तेल प्रक्रिया होऊन ब्रेक लायनिंगच्या मसाल्यात वापरलं जातं, म्हणजे तुमच्या गाडीत काजू बहुधा आधीच आहे.

योग्य पद्धत: तळ धुऊन चांगला वाळवा, सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, उरलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर, मग प्रायमर, आणि त्यावर मेणाचं किंवा लॅनोलिनचं (लोकरीच्या मेणाचं) कोटिंग. सिल आणि दारांच्या पोकळीत तेच मेण लांब नळीने फवारायचं, निचऱ्याची भोकं न बुजवता. ब्रेक डिस्क आणि सायलेन्सर झाकून घ्या. हे कोटिंग दरवर्षी पुन्हा लावावं लागतं.

७. गाडी वाळूत नेऊन फोटो काढले तर काय बिघडतं?

गाडी रुतते, भरती येते, आणि पुढचं गावभर होतं. रुतली नाही तरी चाकांनी उडवलेली ओली खारी वाळू नेमकी प्रश्न ५ मधल्या सगळ्या जागी जाऊन बसते. फोटो सुरूच्या बनातल्या रस्त्यावरून काढा. नेलीच असेल तर त्याच दिवशी तळ गोड्या पाण्याने धुवा.

८. फेरीबोटीत चढवताना पुढचा बंपर घासतो. उपाय?

ओहोटी टाळून निघा. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, कुठल्याही फेरीला नियम एकच: पाणी खाली गेलं की धक्का आणि बोटीची फळी यांच्यातला कोन वाढतो. भरतीच्या आसपास तीच फळी जवळजवळ सपाट असते. शक्य असेल तर किंचित तिरकं चढा म्हणजे एका वेळी एकच चाक कोन ओलांडतं. तिथल्या माणसाला आधी सांगा, तो जागा करून देतो. बोटीत पुढच्या तोंडाशी उभी राहिलेल्या गाडीवर खारे तुषार येतात, म्हणून पलीकडे पोचल्यावर पुसून घ्या. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवलेल्यांसाठी प्रश्न १७.

९. जून ते सप्टेंबर गाडी काढणार नाही. कशी ठेवू?

प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळू नका. खाली मातीतून वाफ येते, वर प्लास्टिकला लागते आणि गाडी चार महिने घामात उभी राहते. मांगर किंवा पत्र्याची शेड उत्तम, पण पागोळ्यांच्या रेषेपासून आत. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरा, गाडीवर हवा खेळेल असं कापडी कव्हर घाला.

टाकी काठोकाठ भरा (कारण प्रश्न ११ मध्ये). टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआय जास्त. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, चार्जिंगला लावा. हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओल्या हवेत मागचे शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा.

उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडाला आणि हवेच्या नळीला तारेची जाळी, आणि स्टिअरिंगला ‘जाळी काढा’ अशी चिठ्ठी. चिठ्ठी विसरलं तर जाळीचा उपयोग उलटाच होतो.

‘दर रविवारी पाच मिनिटं चालू करतो’ हे ऐकायला बरं वाटतं, पण पाच मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, त्यात पाणी साठतं आणि तो आतून गंजतो. चालू करायचीच असेल तर अर्धा तास फिरवून आणा, नाहीतर हात लावू नका.

१०. ऑईलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसते. हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या इंजिनमधली सील) गेली का?

पावसाळ्यात हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. बाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचं इंजिन पूर्ण तापत नाही, आतला दमटपणा झाकणाच्या थंड पत्र्यावर ऑईलशी घुसळला जातो. साय पुसा, गाडी तीसेक किलोमीटर नीट चालवा, पुन्हा बघा.

डिपस्टिकवरचं ऑईलही दुधाळ असेल, कूलंट आपोआप कमी होत असेल, किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ येत असेल, तर गॅस्केट धरा आणि गाडी चालवणं बंद करा.

११. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीला चालेल?

चालेल, पण गाडीला तयार करावं लागेल. ई-२० ची विक्री २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आपल्या गाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या. इथेनॉल जुन्या रबराला कडक करतं किंवा फुगवतं, आणि हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या हवेत पाण्याला तोटा नाही. टाकी अर्धी रिकामी ठेवली तर वरच्या हवेतली ओल पेट्रोलमध्ये उतरते आणि पाणी फार झालं की इथेनॉलसकट तळाशी वेगळं बसतं, नेमकं पंप ओढतो तिथे.

पेट्रोलचे सगळे रबरी पाइप, ओ-रिंगा आणि फिल्टर बदला. इथेनॉलला चालणारा असं छापलेलाच पाइप घ्या. बदलल्यावर पहिले काही दिवस बोनेट उघडून वास घ्या. जुन्या टाकीतला गाळ सुटून फिल्टर तुंबतो, म्हणून एक फिल्टर जास्तीचा ठेवा.

ॲव्हरेज पडेल, तो भास नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणजे हिशोबाने सहा-सात टक्के घट. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी मिश्रण बऱ्यापैकी सावरून घेते. कार्बोरेटरला ती अक्कल नाही, तिथे जेट बदलून घ्यावं लागतं.

१२. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घातलं तर?

रस्त्यात अडकलात तर घाला, घरी पोचल्यावर काढा. किनाऱ्याजवळच्या विहिरीच्या पाण्यात क्षार असतात आणि ते ॲल्युमिनिअमचं हेड आणि रेडिएटर आतून खातात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बाहेरून खाण्याचं काम खारा वारा करतोच: दहा-पंधरा वर्षांच्या रेडिएटरच्या पापुद्र्यांवर हलकं बोट फिरवा, पिठासारखे गळले तर नवा रेडिएटर घ्या, आंबा घाटाची वाट बघू नका.

‘आपल्याकडे गरम होतं’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकणारे मेकॅनिक अजून आहेत. त्याने इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि प्रश्न १० मधली साय वाढते. तापत असेल तर कारण शोधा: पंखा, त्याचा स्विच, वॉटर पंप, तुंबलेला रेडिएटर.

सांडलेलं कूलंट लगेच धुवा. ते गोड लागतं आणि कुत्र्यामांजरांना विषारी असतं.

१३. टायमिंग बेल्ट दिसायला चांगला आहे. तरी बदलू?

हो. प्रश्न १ मध्ये नाव घेतलेल्या गाड्यांना व्हॉल्व्ह वेळेवर उघडमिट करायला चेन नाही, रबरी बेल्ट आहे, आणि बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटण्याचा धोका असतो. आधीच्या मालकाने कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असं समजा. टेन्शनर, वॉटर पंप आणि पुढची ऑईल सील त्याच वेळी. वर्षाची मर्यादा पुस्तकात बघा. किलोमीटर शिल्लक आहेत म्हणून रबर थांबत नाही.

१४. घाटात उतरताना ब्रेकचं पेडल खाली बसतं, खाली पोचल्यावर पुन्हा ठीक. काय असेल?

ब्रेक ऑईलमध्ये पाणी. हे ऑईल हवेतली ओल शोषतं, आणि उकळायचं तापमान घसरतं: डॉट ४ दर्जाचं नवं ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शिरलेलं १५५ च्या आसपास. आंबोली किंवा कुंभार्ली उतरताना कॅलिपर तेवढे सहज तापतात, ऑईलमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल बसतं. थंड झाल्यावर वाफ विरते, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. सगळं ऑईल बदला, हवा काढा, आणि ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. बाटली सीलबंद घ्या, उघडून कपाटात ठेवलेली नको. डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं ऑईल. ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ चालतं.

कॅलिपरच्या पिनांना साधं ग्रीस लावू नका, रबर फुगून पिन अडकते. सिलिकॉन ग्रीस मिळतं.

१५. एक दिवस इंडिकेटर मंद, एक दिवस स्टार्टर मंद. वायरिंग नवं करू?

आधी अर्थिंग. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक; ०.५ च्या वर गेलं तर अर्थची पट्टी गंजली आहे. तीच तपासणी इंजिन आणि बॉडीमध्ये करा. बोल्ट काढून धातू चकाकेपर्यंत घासा, आवळा, मग पेट्रोलियम जेली लावा. वायरच्या टोकाशी आत हिरवी पूड दिसली तर तेवढा तुकडा कापून नवं टोक लावा.

१६. सुधारणांची सुरुवात कुठून करू? बजेट मर्यादित आहे.

टायरपासून. बाजूच्या भिंतीवर डॉट मार्कानंतरचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी फार जुनं, कडक रबर ओल्या जांभ्यावर आणि डांबरावर पकड धरत नाही. मग चांगले पॅड, नवे ब्रेक होज, नवे शॉकअप आणि सस्पेन्शनचे बुश. याने गाडी नवी वाटते. हेडलाइटला रिले (बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारा स्विच) बसवा. जुन्या स्विचमधून जाणाऱ्या पातळ वायरीत व्होल्ट हरवतात, रिले लावला की तेच ५५-६० वॉटचे बल्ब उजळतात. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब कोंबू नका, समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

इंजिनची ताकद सगळ्यात शेवटी. एनएच ६६ वर तिचा उपयोग जेवढा वाटतो तेवढा होतही नाही.

१७. लो स्प्रिंग, कोल्ड एअर इनटेक, मोठा सायलेन्सर?

लो स्प्रिंग: फेरी, गतिरोधक आणि वाडीतली दगडी पायऱ्यांची पाखाडी आठवा. नको. इनटेक: बंपरमध्ये खाली उतरवलेली नळी पावसात रस्त्यावरच्या पाण्यातून थेट सिलिंडरमध्ये पाणी ओढते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, कंपनीने ती वर ठेवली ती उगीच नाही. सायलेन्सर: मूळ आवाजाचाच, पण स्टेनलेस स्टीलचा करून घ्या. ३०४ ग्रेडवर खाऱ्या हवेत तपकिरी ठिपके येतात, पण साध्या लोखंडाच्या कितीतरी पट टिकतो.

१८. गाडी १५ वर्षांची झाली. आता रस्त्यावर आणता येणार नाही असं ऐकलं.

ती बंदी दिल्ली-एनसीआरबाबतची. महाराष्ट्रात फिटनेस पास करून, पर्यावरण कर भरून नोंदणी ५-५ वर्षांनी वाढवता येते. मुदत संपायच्या आधी अर्ज करा.

बदलांबाबत मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ लागू आहे: कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं. प्रश्न १६ मधल्या गोष्टी दुरुस्तीत मोडतात. इंजिन बदलणं किंवा रंग बदलणं असेल तर आधी आरटीओ, मग काम. व्हिंटेज नोंदणीची २०२१ ची तरतूद ५० वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी आहे आणि त्या गाड्या रोज वापरता येत नाहीत, त्यामुळे पालिओला अजून बराच अवकाश आहे.

१९. पार्ट कुठून आणायचे?

फिल्टर, बेल्ट, प्लग ऑनलाइन मिळतात. बॉडीचे भाग कुर्ल्याच्या जुन्या मालात शोधावे लागतात, स्वतः जाऊन. हेड सपाट करणं, बोअर मारणं, तुटलेला स्टड काढणं यासाठी घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा. तिथल्या लेथवाल्यांचा हात चांगला आहे. ज्या गाडीचे पार्ट बंद झालेत तिच्यासारखी एक मेलेली गाडी स्वस्तात मिळाली तर घ्या, घरचे काहीही म्हणोत.

२०. माडाखाली गाडी लावली तर?

नको. नारळ पडला तर विमा मिळेल, बोनेट मिळणार नाही.

२१. गाडी पुरात बुडाली. सुकल्यावर चालू करून बघू?

चावीला हातही लावू नका. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर पाणी ओसरलेल्या किती गाड्यांची इंजिनं स्टार्टर मारल्यामुळे गेली असतील! पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते असेल तर रॉड वाकतो, आणि हे नुकसान साध्या विम्यात बसत नाही. त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं.

बॅटरी काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा. मग प्लग काढून इंजिन पान्याने हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सगळी ऑईलं आणि पेट्रोल बदला.

एक गोष्ट मात्र आधी ठरवा: पाणी नदीचं होतं की भरतीला चढलेलं खाडीचं? गोड्या पाण्यात बुडालेली गाडी लगेच उघडून वाळवली तर बहुधा परत येते. खाडीचं पाणी डॅशबोर्डपर्यंत पोचलं असेल तर प्रत्येक कनेक्टर आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) गोड्या पाण्याने धुऊन वाळवावा लागतो, आणि तरीही वायरिंगमधली हिरवी पूड सहा महिन्यांनी डोकं वर काढते. अशी गाडी दुसऱ्या कुणाची, स्वस्तात मिळत असेल तर प्रश्न १९ च्या शेवटच्या वाक्यापुरतीच घ्या.